नाशिक सोडायचं का? दोन पुरुषांच्या एका घराचं प्रकरण

हे प्रकरण दोघांच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावं दिलेली नाहीत. एकाला इंजिनिअर म्हणते, दुसऱ्याला फिजिओ. मी नाशिकमध्येच समुपदेशनाचं काम करते. माझ्याकडे येणाऱ्या समलिंगी मुलामुलींपैकी बरेच जण कधी ना कधी एकच प्रश्न विचारतात, "ताई, आमच्यासारख्यांनी राहायला चांगलं शहर कोणतं?" या दोघांनीही तोच विचारला. मला सापडलेलं उत्तर याच दोघांच्या प्रकरणात सगळ्यात स्पष्ट दिसलं, म्हणून ते सविस्तर मांडते.

इंजिनिअर 34 वर्षांचा. अंबडच्या एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात होता. वडील नाहीत, आई सिडकोत राहते. घराणं बौद्ध. फिजिओ 31 वर्षांचा, निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराचा मुलगा. गोविंदनगरला त्याची एका खोलीची प्रॅक्टिस होती आणि ती चांगली चालत होती. दोघं पाच वर्षं सोबत आणि त्यातली तीन इंदिरानगरला एकाच फ्लॅटमध्ये. बिल्डिंगमध्ये ते "दोन मित्र, खर्च वाटून राहतात" असे ओळखले जायचे. तोवर कुणी त्रास दिलेला नव्हता. पंचविशीतल्या दोन मुलांनी एकत्र राहिलं तर कुणी वळून बघत नाही. तिशी उलटली की "अजून लग्न नाही?" सुरू होतं आणि मग तोच फ्लॅट लोकांना वेगळा दिसायला लागतो.

माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या फोनमध्ये यादी तयार होती: बंगळुरू, मुंबई, पुणे, कोलकाता. मी यादी बाजूला ठेवायला सांगितली आणि विचारलं की नाशिक नको असं नेमकं कोणत्या दिवशी वाटलं.

तो दिवस हॉस्पिटलातला होता. फिजिओचं ॲपेंडिक्स रात्री अचानक दुखायला लागलं. इंजिनिअरने त्याला गाडीवर मागे बसवून जवळच्या खासगी हॉस्पिटलात नेलं. काउंटरवर विचारलं, "पेशंटचे तुम्ही कोण?" तो म्हणाला, "मित्र." "मग नातेवाईकांना बोलवा, सही लागेल." निफाडहून वडील येईपर्यंत ऑपरेशन थांबलं. पुढचे दिवस इंजिनिअर भेटायच्या वेळेत, हातात शहाळं घेऊन, इतर भेटायला येणाऱ्यांसारखा यायचा आणि उठायला सांगितलं की उठायचा. फिजिओच्या वडिलांनी त्याचे हात धरून आभार मानले, "तुझ्यासारखा मित्र मिळायला नशीब लागतं." मग मुलाला विश्रांतीसाठी गावी नेलं आणि पंधरवड्यात दोन स्थळं दाखवली. ऑक्टोबर छाटणी आटोपली की मुली बघायला जायचं, असं परस्पर ठरलंही.

इथे त्या न पाहिलेल्या मुलीबद्दल बोलायलाच हवं. घरच्यांच्या दडपणाखाली समलिंगी पुरुषाचं लग्न लावलं जातं तेव्हा आणखी एका माणसाचं आयुष्य तिला न विचारता खर्ची पडतं. फिजिओला याची पूर्ण जाणीव होती. नाशिक सोडायची त्याची घाई मुख्यतः त्यापायी होती. स्थळाला नाही म्हणायला कारण सापडत नव्हतं, आणि "पुण्यात नोकरी लागली" हे कारण चाललं असतं. एका काकांनी तर "असं काही असेल तर" दाखवायला डॉक्टरही सुचवला होता. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये असे 'बरे करण्याचे' उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत, हे मी त्याला लेखी काढून दिलं. काकांनी विषय पुन्हा काढला नाही.

आता हॉस्पिटलची सही. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाची स्वतःची संमती कायद्याने पुरेशी असते. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समिरा कोहली प्रकरणात संमतीचा हा मुद्दा सविस्तर मांडला आहे. त्या रात्री फिजिओ वेदनेने कळवळत होता पण पूर्ण भानावर होता, त्यामुळे सही त्याचीच चालली असती. नातेवाईक हवेत हा रुग्णालयांचा रिवाज आहे आणि त्यात बिलाची हमी हवी हा भागही असतो. हा रिवाज पुण्यातही आहे आणि मुंबईतही. नाशिकवरचा त्यांचा सगळ्यात मोठा राग ज्या गोष्टीचा होता, ती शहर बदलून सुटणारी नव्हती.

म्हणून आम्ही कागदाचे दोन भाग केले. एका बाजूला शहर बदललं तरी तसंच राहणारं, दुसऱ्या बाजूला शहराबरोबर बदलणारं.

पहिली बाजू झपाट्याने भरली. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले, ते निफाडपासून बंगळुरूपर्यंत सगळीकडे सारखंच. 17 ऑक्टोबर 2023 ला त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला आणि जानेवारी 2025 मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या, तेही सगळीकडे सारखंच. खासगी मालकाने लैंगिक कल पाहून नोकरीवरून काढू नये असा थेट कायदा देशात कुठेच नाही. जोडप्याने मिळून मूल दत्तक घेणं कुठेच शक्य नाही. इंजिनिअरला खरोखर वाटत होतं की बंगळुरूला जोडीदार म्हणून काही तरी नोंद होत असेल. तसं काही होत नाही. काही मोठ्या कंपन्या आपल्या धोरणात समलिंगी जोडीदारांना सवलती देतात, टाटा स्टीलने 2019 मध्ये तसं जाहीर केलं. पण ती त्या कंपनीची गोष्ट झाली. शहराला त्याचं श्रेय नाही, आणि सुट्या भागांच्या छोट्या कारखान्यात ते धोरण पोहोचत नाही.

माझा आग्रह होता की कुठे जायचं ते पुढे ठरवू, आधी कागद नाशिकमध्येच करून घ्या. कागद कुठल्याही शहरात चालतात.

त्यात दोन महिने गेले. पहिलं मृत्युपत्र. हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. अविवाहित पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर मालमत्ता आधी आईकडे जाते, आई नसेल तर वडिलांकडे आणि पुढच्या नातलगांकडे. जोडीदार त्या यादीत कुठेच नाही. मृत्युपत्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी होतं, स्टॅम्प लागत नाही. नोंदणी सक्तीची नसली तरी मी करायला सांगितली, कारण उद्या भांडायला येणारे घरचेच असतील. साक्षीदार मात्र सज्ञान, पण आपल्यापेक्षा वयाने लहान आणि ओळखीचे घ्यावेत. दोघांनी आपापल्या मित्रांना बोलावलं आणि त्यानिमित्ताने आणखी दोन माणसांना खरं सांगून झालं.

दुसरं संयुक्त बँक खातं. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या वित्तीय सेवा विभागाने 28 ऑगस्ट 2024 ला स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कोणतीही आडकाठी नाही. शाखेतल्या अधिकाऱ्याने "नातं काय लिहू?" विचारलं. त्यांनी पत्रकाची प्रत पुढे केली. तो ती घेऊन आत गेला, बाहेर आला आणि फॉर्म पुढे सरकवला. त्याच सुमारास रेशनकार्डासाठी जोडीदारांना एकाच कुटुंबातले धरावं आणि जवळचे नातलग नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा, अशाही सूचना केंद्राकडून निघाल्या. हे सगळं कायद्याच्या तुलनेत तोकडं आहे. तरी काउंटरवर उभं असताना हातात छापील कागद असला की आवाज बदलतो, हे दोघांच्या बाबतीत मी पाहिलं.

भविष्य निर्वाह निधीत मात्र अडलं. अवलंबून असलेली आई असताना त्या योजनेच्या व्याख्येत कुटुंबाबाहेरच्या माणसाचं नामनिर्देशन टिकत नाही. तिथे आईचंच नाव राहिलं. आयुष्याच्या अखेरच्या उपचारांविषयीचं पूर्वनिर्देशपत्रही त्यांनी केलं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्याच, पण वेगळ्या निकालाने त्याला मान्यता मिळाली आणि जानेवारी 2023 पासून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते होऊ शकतं. बरं होण्याची आशा नाही आणि रुग्णाला बोलता येत नाही, अशा वेळी कोणाचं ऐकायचं ते त्यात लिहिलेलं असतं. ते लिहिताना फिजिओ रडला. त्याला हॉस्पिटलातली रात्र आठवत होती.

मग दुसरी बाजू, म्हणजे शहरागणिक बदलणारं. कोलकाता तिथेच गळलं. 1999 मध्ये समलिंगींचा देशातला पहिला प्राइड मोर्चा तिथे निघाला म्हणून ते यादीत आलं होतं, बाकी दोघांचं तिथे कुणी नव्हतं आणि भाषाही येत नव्हती. बंगळुरूत इंजिनिअरला पगार चांगला मिळाला असता, तिथली समलिंगी मंडळी तीस वर्षांपासून संघटित आहेत. पण फिजिओचं काम बोलण्याचं आहे. सत्तरीच्या आजींचा गुडघा वाकवून घेताना त्यांना धीर द्यायचा असतो, तो मराठीतून द्यायची त्याला सवय आणि हातोटी आहे. तिथे तो नवशिका झाला असता.

मुंबईकडे दोघांचाही ओढा होता. समलिंगींसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट तिथे 1994 पासून आहे, त्यांच्या विषयांवरचा 'कशिश' चित्रपट महोत्सव 2010 पासून भरतो, आणि गर्दीत हरवून जायची मुभा मुंबईइतकी कुठेच नाही. पंचवटी एक्स्प्रेसने आईकडे येणं-जाणंही सोपं होतं. अडचण इंजिनिअरच्या नोकरीची होती. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने कमी झाले, वाहन उद्योग पुण्याजवळच्या चाकण-रांजणगावला गेला. शिवाय भाडं असं की दोघांच्या कमाईत एका खोलीपलीकडे जागा परवडली नसती, आणि आई कधी राहायला येणार ही आशा सोडावी लागली असती.

राहिलं पुणे. तिथे बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये समलिंगींसाठी समपथिक ट्रस्ट सुरू केला, 2011 पासून प्राइड मार्च निघतो, आणि या विषयावर मराठीतून बोलणारी, लिहिणारी माणसं तिथे जास्त आहेत. हा शेवटचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे इंग्रजीतून स्वतःची ओळख सांगणाऱ्यांना ती आईपर्यंत पोहोचवताना धाप लागते. इंजिनिअरच्या मनात पुण्याविषयी 'पुरोगामी शहर' अशी प्रतिमा पक्की होती. तिला तडा गेला तो घर शोधताना.

त्यांनी बाणेर-वाकडपासून सुरुवात केली. चकचकीत सोसायट्या, आयटीतली तरुण माणसं, इथे कुणी विचारणार नाही असा हिशेब. तिथेच "फॅमिली ओन्ली" सगळ्यात जास्त ऐकायला मिळालं. मालक तयार व्हायचा, एजंट दुसऱ्या दिवशी फोन करायचा की सोसायटीची कमिटी बॅचलरना नको म्हणते. कोथरूडला एका वयस्कर जोडप्याने चहा दिला, फिजिओकडून मानेचे दोन व्यायाम समजून घेतले आणि मग इंजिनिअरला विचारलं, "आडनाव काय?" त्याने सांगितलं. संध्याकाळी निरोप आला, जागा भाच्याला देणार आहोत. असं आणखी दोनदा झालं. फिजिओला एकट्याला विचारलेलं असायचं तेव्हा अडचण नव्हती.

हे त्यांनी मला फोनवर सांगितलं तेव्हा इंजिनिअरचा आवाज शांत होता. फिजिओ मात्र हादरला होता. पाच वर्षं एकत्र राहून त्याने हे इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. समलिंगी माणसासाठी शहर किती चांगलं, हे विचारताना कोणत्या समलिंगी माणसासाठी, हेही विचारायला हवं. एखाद्या शहरात मोर्चा मोठा निघत असेल, पण भाड्याच्या घराच्या दारात तुम्हाला आधी जातीने मोजलं जात असेल, तर त्या शहराचा मोकळेपणा तुमच्या वाट्याला अर्धाच येतो. फिजिओने तेव्हापासून एक केलं. घर बघायला गेल्यावर पहिल्याच वाक्यात तो दोघांची पूर्ण नावं सांगायला लागला, म्हणजे नकार यायचा तर उंबऱ्यावरच यावा.

घरमालकाला नातं सांगायचं का, यावर आमचं बरंच बोलणं झालं. एका मित्राने सल्ला दिला होता, "चुलतभाऊ म्हणून सांगा." मी तो खोडून काढला. एक तर आधार कार्डावर आडनावं वेगळी, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती जाते, आणि एकदा खोटं नातं जोडलं की दर सणाला त्या खोट्याची उस्तवार करावी लागते. खरं सांगण्याचीही कुणावर सक्ती नाही. "आम्ही दोघं मिळून घर घेतो आहोत, करार दोघांच्या नावे हवा," एवढं पुरे. करारात दोघांची नावं असलीच पाहिजेत, हे मी प्रत्येकाला सांगते. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने लेखी आणि नोंदणीकृत करार बंधनकारक आहे. त्यात एकाचंच नाव असेल तर उद्या त्याला काही झाल्यावर दुसऱ्याला त्या घरात राहण्याचा काहीच आधार उरत नाही.

शेवटी घर मिळालं मोशीला. यादीत नसलेली जागा. नाशिक-पुणे रस्त्यावरच, चाकण जवळ, नव्या इमारती आणि त्यात नगर, लातूर, जळगाव, विदर्भातून कामाला आलेली माणसं. कुणाचीच मुळं तिथली नाहीत. मालक जुन्नरकडचा. त्याने पार्किंग एकच मिळेल एवढं बजावलं आणि दोघांच्या नावे करार केला.

निर्णयाआधी इंजिनिअरच्या आईशी बोलणं बाकी होतं. तिला कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. तिच्या माहेरच्या घरात काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या आठवणी पिढ्यानपिढ्या सांगितल्या जातात. 2 मार्च 1930 ला सुरू झालेला तो लढा 1935 पर्यंत चालला, आणि तिचे आजोबा दादासाहेब गायकवाडांबरोबर त्यात होते असं ती अभिमानाने सांगते. मुलाने अडखळत सांगितलं. तिने ऐकून घेतलं. बराच वेळ भांडी आवरली. मग फिजिओला जेवायला वाढताना म्हणाली, "आमच्यात माणसाला दाराबाहेर उभं करायची रीत नाही, डॉक्टर. पण मला वेळ लागेल, ते ध्यानात ठेवा." तिची अट एकच होती, "पंधरा दिवसांनी येत जा, आणि दोघं या. हा एकटा आला की शेजारच्या काकू विचारतात, डॉक्टरशी भांडण झालं का." म्हणजे काकूंनी केव्हाच ओळखलं होतं.

मी अशा वेळी निर्णय देत नाही. माझं मत मात्र त्यांना सांगितलं. नाशिकमध्ये त्यांचं खरं नातं जाणणारी आणि अडीनडीला धावून येणारी चार-पाच माणसं होती: आई, फिजिओची ताई, मृत्युपत्राचे साक्षीदार. पुण्यात त्या दिवशी एकही नव्हतं. शहराच्या लौकिकापेक्षा मी ही माणसं मोजते. फिजिओच्या लग्नाचं दडपण नसतं तर मी "इथेच थांबा" म्हटलं असतं. ते होतं, म्हणून जाणं मला योग्य वाटलं. पण जाताना आईच्या रस्त्यावर राहा, हे मी आग्रहाने सांगितलं, आणि मोशी त्या बाबतीत कोथरूडपेक्षा किती तरी बरी होती.

त्याला आता सव्वा वर्ष झालं. इंजिनिअर चाकणला कामाला आहे. कारखान्यात कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगायची इच्छाही नाही. फिजिओचं नुकसान मोठं आहे. गोविंदनगरची प्रॅक्टिस मोडली, तोंडी ओळखीने येणारे पेशंट गेले, आता दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये पगारावर आहे आणि कमाई पूर्वीपेक्षा कमी. अशा स्थलांतराच्या हिशेबात ही बाजू सहसा कुणी लिहीत नाही. मिळालं ते असं: रविवारी शहरात जमणाऱ्या गटात ते जायला लागले. मोशीहून डेक्कनला पोहोचायला दीड तास जातो आणि चाकणच्या ट्रॅफिकने थकलेला इंजिनिअर दर वेळी निघतोच असं नाही. पण तिथल्या एका जोडप्याने गौरी जेवायला दोघांना मिळून आमंत्रण दिलं, तेव्हा "तुम्ही दोघं" हे शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा निमंत्रणात ऐकले. फिजिओने क्लिनिकमधल्या एका सहकारी डॉक्टरला सांगितलं आहे. गेल्या पावसाळ्यात इंजिनिअरला डेंग्यू झाला तेव्हा तिनेच ॲडमिट करून घेतलं, आणि केसपेपरवर संपर्काच्या रकान्यात फिजिओचं नाव लिहिलं गेलं.

सध्या दोन गोष्टी अडकून आहेत. दोघांना फ्लॅट घ्यायचा आहे. खरेदीखतात दोघांची नावं सहमालक म्हणून लावायला काहीच हरकत नाही. गृहकर्जाला सहकर्जदार म्हणून बँका बहुधा जवळचा नातलग मागतात. त्यामुळे कर्ज इंजिनिअरच्या एकट्याच्या नावे घ्यायचं, फिजिओचा वाटा बँकेतूनच भरायचा आणि त्याची नोंद खरेदीखतात करून घ्यायची, असं वकिलांशी बोलून चाललं आहे. आईसाठी लिफ्टची इमारत हवी, ही तिची नवी अट.

दुसरं फिजिओच्या वडिलांचं. त्यांना अजून सांगितलेलं नाही. स्थळं येणं कमी झालं, थांबलं नाही. ताईचं म्हणणं आहे की आधी दाजींना सांगू, वडील त्यांचा शब्द मानतात, आणि द्राक्षाचा हंगाम संपल्यावर, डोक्यावरचं कर्ज फिटल्यावरच विषय काढू. मला तिचा अंदाज बरोबर वाटतो. फिजिओला थांबवत नाहीये, त्याला यंदाच्या दिवाळीतच सांगायचं आहे. पुढच्या आठवड्यात तो, ताई आणि मी तिघं भेटणार आहोत.